थांब म्हणणारं कार्ड

भुताखेतांच्या गोष्टी मी कायम हसण्यावारी नेल्या. आजही भूत म्हणणार नाही... पण जे झालं ते सांगतो.

जबलपूरच्या एका खासगी हॉस्पिटलचं नेटवर्क मी सांभाळायचो. सोबत मंदार. खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये आम्ही एकत्र वाढलो. त्याला हॉस्पिटलमध्ये मीच चिकटवलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात दुपारच्या वेळी एक्स-रे डॉक्टरांच्या स्क्रीनवर येता येता अडकायला लागले. मला शंका पॉज फ्रेमची — म्हणजे एक मशीन समोरच्याला सांगतं, "थांब, आता पाठवू नकोस." हा निरोप नेटवर्क कार्ड स्वतःच गिळतं, साध्या लॅपटॉपवर दिसत नाही. म्हणून एक्स-रे साठवणाऱ्या सर्व्हरच्या केबलमध्ये टॅप बसवला. जे जाईल-येईल ते जसंच्या तसं फाइलमध्ये टिपणारी डबी. आणि दोघं बघत बसलो.

फ्रेम आल्या. थांब, थांब, थांब...

प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच स्वतःचा पत्ता मिळतो. फ्रेमवरचा पत्ता पाहून मंदार म्हणाला, "हे जुन्या सर्व्हरचं जळालेलं कार्ड आहे ना यार? तू काढलेलं?"

ते माझ्या खणात पडून होतं. काढून हातात धरलं. स्टिकरवर तोच पत्ता! नव्या सर्व्हरला कुणी तो पत्ता दिलाय का, तेही तपासलं. नाही. स्क्रीनवर फ्रेम येतच होत्या.

मंदार पांढराफटक. "काहून हातात धरून राहिला? ठेव ते खाली!"

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला सगळं दाखवलं.

"ये कैसे हो सकता है?"

"मंदार से पूछिए सर, साथ में था."

मंदारने मान वर केली नाही. "मैंने कुछ नहीं देखा सर. फाइल इन्होंने ही बनाई होगी."

खोटी फाइल बनवल्याचा ठपका माझ्यावर आला. नोकरी गेली, माझ्या खुर्चीत तो बसला.

पुढे एकदा नर्मदेच्या ग्वारीघाटावर भेटला. विचारलं, "काहून बोललास असं?"

होड्यांकडे बघत म्हणाला, "मला घरदार आहे रे. भूत पाहिलं म्हणून सांगू साहेबाला?"

"जे पाहिलं तेवढंच सांगायचं होतं."

तो चपला घालून निघून गेला.

मी सोडल्यापासून एक्स-रे एकदाही अडकले नाहीत म्हणे. सगळा बनाव माझाच होता, याचा तिथे सगळ्यांना तोच पुरावा वाटतो. कधी कधी वाटतं, मंदार म्हणतो तशी फाइल मीच बनवली असती तर बरं... निदान माझ्याकडे उत्तर तरी असतं.