मशीनचं तोंड शेठकडं

"परवडत नसंल तर दुसरीकडं घाल दूध," असं बोलला ना शेठ तुला? आन् तू मान हलवून आलास. दुसरीकडं म्हंजी कुठं रं दिन्या? आख्ख्या गावात दूध घेणारा तो एकटा. त्याचे एकेक किस्से माझ्याकडं शेणी रचाव्या तसे रचून पडलेत. आज ऐकच.

दूध घातलं की मशीन फॅट दाखवतं, फॅटवर भाव. पण मशीनचं तोंड शेठकडं, आमच्याकडं पाठ. तो बघणार, तोच बोलणार, तोच वहीत लिवणार. मी बोललो, "शेठ, मशीन जरा फिरव की." बोलतो, "वायर पुरत नाय."

मी कर्जतवरनं लांब वायर आणून दिली. तिच्यावर त्यानं पंखा लावला. त्याचंबी तोंड स्वतःकडं.

मग एकदा वजनकाटा तपासणारा सायेब आला. काटा तपासला, शिक्का मारला, चा पिला. मी बोललो, "सायेब, काटा सोन्यासारका हाय. घोळ मशीनमदी हाय."

"मी काट्याचा. दुधाचं खातं येगळं."

गेलो त्या येगळ्या खात्यात. दिवस मोडला. तिथला बोलतो, "फॅट कमी लावली त्याची पावती आणा."

पावती कोण देणार? शेठ.

कळंबचा जना टेंपो घेऊन यायला लागला तवा वाटलं, सुटलो. मशीन टेंपोच्या फळीवर उघडं, कुणीबी बघा. वर लिटरमागं दोन रुपये जास्त. दुसऱ्याच दिवशी शेठनं चार वाढवले. गाव पळालं शेठकडं. तू पळालास. मीबी पळालो, खोटं कशाला बोलू? जना नाक्यावर रिकाम्या कॅनवर बसलेला. मला बोलला, "जा काका, तिकडं चार हायत."

अजून त्याच्या समोरनं जाताना मान खाली जाते माझी.

तरी तीन घरं जनाकडं टिकली. तीबी शेठला खुपली. मी डेरीवर किटली धुत होतो आन् हा फोनवर, "सायेब, बिनलायसनचा दूध गोळा करतोय. लोकांच्या जिवाशी खेळ हाय." जनाचा टेंपो बंद झाला. त्याच आठवड्यात आमचा भाव पुन्यांदा खाली.

फोन ठेवल्यावर मला काय बोलला म्हायतीय? "सरकारनं धंद्यात पडूच नये बग. बाजार कसा मोकळा पायजे."

आता जनानं लायसन काढलंय. टेंपोच्या काचेला आतनं चिकटवलंय. सोमवारी येतोय, पण बोलला, दहा किटल्या दिसल्या तरच रोज येईन. नऊ झाल्यात.

आन् परवाचं ऐक. आमच्या घरवालीनं एकाच म्हशीचं, एकाच धारेचं दूध दोन किटल्यांत ओतलं. एक आपल्या हातात, दुसरी सरपंचाच्या सुनेच्या हातात. दोघी मागंपुढं डेरीवर गेल्या.

शेठनं आमची किटली लावली. "फॅट पाच-दोन."

सुनेची लावली. "सात-एक."

मग आमच्या घरवालीकडं वळला आन् समजावून बोलला, "वैनी, सरपंचांच्या म्हशीकडं बगा जरा. खुराक असा घालायचा असतो."

सोमवारी सकाळी सहाला किटली घेऊन नाक्यावर उभा रा.