बाबांच्या पोटासाठी आणलेली पावडर

आंधळगावला हातमागावर बसणाऱ्या माझ्या बाबांचं पोट जेवलं की फुगायचं. यानं पचन सुधारतं, असं वरठीच्या दुकानदारानं सांगितलं, म्हणून मी त्याच्याकडून अमिनो अ‍ॅसिडची पावडर आणली. डब्यावर दंड फुगवलेला माणूस होता.

"मले कायले पहिलवान बनवून राहिली?" बाबांनी संशयानं विचारलं.

पावडर उपाशीपोटी घ्यायची, म्हणून मी त्यांचा सकाळचा चहा बंद केला. पंधरा दिवसांत पोट हलकं झालं. मी खुशीत डबा उघडला, तर पावडर होती तेवढीच!

"बाबा, तुम्ही घेतलीच नाही?"

"नाही. काय मालूम काय हाय त्यात. तू चहा सोडवला, त्यानंच बरं वाटून राहिलं."

मला ते पुरतं पटलं नाही. पण तो डबा तसाच पडून राहिला, आणि दुसरा मी कधी आणला नाही.