पॅन्टवरचे केस

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका द्वारका चौकात कापडाच्या दुकानात कामाला आहेत. निघताना जिन्याखालच्या नळावर हात ओला करून ते काळ्या पॅन्टवरचे त्यांच्या मांजरीचे केस पुसतात.

तिला गजकर्ण झालं. "अंगाला काही चोपडू नका, ती चाटते," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आमच्या बिल्डिंगमध्ये औषध सांगणाऱ्यांना तोटा नाही आणि काकांना कुणाला नाही म्हणता येत नाही. हळद, खोबरेल, करंजाचं तेल, सगळं लावून झालं. तिने ते चाटलं, ओकली, आणखी खंगली.

"आज जरा फरक वाटतोय हो, ताई," काका रोज सांगतात. मला हो म्हणवत नाही.

आता तिच्या अंगावर केसच उरले नाहीत. काका मात्र अजूनही नळावर हात ओला करतात आणि स्वच्छ पॅन्ट पुसत राहतात.