मामंजींची बुखारी

माझं माहेर माणातलं. उघडं माळरान, मेंढरं आणि कोरडी थंडी. अंगावर घोंगडं ओढलं की ती थंडी संपायची. लग्न होऊन मेढ्याजवळच्या डोंगरात आले, तेव्हा ओली थंडी काय असते ते कळलं. श्रावणात धुतलेलं लुगडं गौरी आल्या तरी दमटच असायचं. मिठाच्या मडक्याला पाणी सुटायचं. दिवाळीनंतर डोंगरावरून वारा सुटला की घराच्या मातीच्या भिंतीही हाताला गार लागायच्या.

आमचे हे तेव्हा लढाईवर होते. घरात सासूबाई, मामंजी आणि मी, अशी तिघंच. मामंजी फौजेतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेले. उंच, ताठ, आवाज असा की गोठ्यातली म्हैसही कान टवकारायची. त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. सुनेनं सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती. काही सांगायचं असलं तर ते सासूबाईंच्या कानात.

दुसऱ्या वर्षी हे रजेवर येऊन गेले आणि मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माणात त्या साली पावसानं पाठ फिरवली होती. आई दोन कोसांवरून पाण्याची घागर आणत होती. मामंजींनीच निरोप धाडला, "लेक आमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. हितं पानी लय हाय."

बाळ पौषात होणार होतं, म्हणजे ऐन कडाक्यात. त्यामुळे एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर विषय निघाला की बाळंतिणीची खोली उबदार ठेवायची कशानं.

"त्यात इचारायचं काय?" सासूबाई म्हणाल्या. "जमिनीत खड्डा करायचा, आगटी पेटवायची. माझी पाची बाळंतपनं आगटीवरच झाली."

"आनि डोळं घालवून बसलीस," मामंजी म्हणाले. ते खरंच होतं. धुरानं सासूबाईंच्या डोळ्यांना बाराही महिने पाणी असायचं.

"मग कोळशाची शेगडी ठेवू बाजंखाली. तिला धूर नसतोय."

मामंजी हळू आवाजात म्हणाले, "सरहद्दीवर आमच्या दोन गड्यांनी तंबूचं दार बंद करून कोळशाची शेगडी घेतली. सकाळी उठलंच न्हाईत. मी सोता उचललं त्यास्नी. त्या खोलीत कोळसा न्यायचा न्हाई."

सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले, आणि या वेळी ते पाणी धुराचं नव्हतं. "मग काय करायचं, आवं?"

"बुखारी करायची."

"अगं बाई! बुखार म्हंजे ताप न्हवं?"

"ताप न्हवं. लोखंडाची बंद शेगडी. आत लाकूड जळतंय, वरनं नळी जाती, धूर समदा छपराभायेर. तिकडं बर्फात आमी तिच्यावरच जगलो."

दुसऱ्या दिवशी मामंजी लोहाराकडे गेले. लोहारानं जन्मात बुखारी पाहिली नव्हती. मामंजींनी कोळशानं त्याच्या ओट्यावर चित्र काढलं: खाली पाय, पुढे दार, वर नळी. लोहार म्हणाला, "हवालदार, चित्र झ्याक हाय, पन लोखंड कुठनं आनू? समदं लढाईवर गेलंय." शेवटी रस्त्याच्या कामावरून उरलेलं डांबराचं एक पिंप सापडलं. आठ दिवस ठोकाठोक चालली आणि बुखारी बैलगाडीतून आमच्या दारात उतरली. अर्धा गाव बघायला जमला होता.

मामंजींनी ती खोलीत बसवली, नळी कौलातून वर काढली आणि पेटवली. पिंपाच्या तळाला चिकटलेलं डांबर कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते पेटलं आणि असा काळा धूर उसळला की आम्ही खोकत खोकत अंगणात आलो. शेजारच्या बायका घागरी घेऊन धावत आल्या, आग लागली म्हणून. मामंजी सगळ्यांत शेवटी बाहेर आले. पांढऱ्या मिशा काळ्याभोर झालेल्या.

सासूबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. "मला वाटलं, तुमास्नी परत भरती करून घेतलंय," त्या म्हणाल्या. "आवं, ईस वर्सं ल्हान झालासा!"

अंगणात असा हशा पिकला की मला पोट धरून खाली बसावं लागलं.

मग तीन दिवस बुखारी अंगणातच पेटवून ठेवली. डांबर जळून गेलं, लोखंड स्वच्छ झालं. पुन्हा आत आणली, पुन्हा पेटवली. आता डांबराचा वास नव्हता, पण वारा सुटला की धूर नळीतून उलटा खोलीत यायचा. लोहारानं दोनदा नळी बदलली. फरक पडेना. तिसऱ्या दिवशी मामंजी खोलीच्या दारात डोकं धरून बसले. सासूबाई कुदळ घेऊन आल्या. "उठा आता. मी आगटीचा खड्डा काढती."

मला कारण दिसत होतं. लहानपणी मी मामाकडे कऱ्हाडच्या बाजूला गुऱ्हाळावर जायची. तिथल्या रस आटवायच्या चुलवणाचं धुराडं छपराच्या आढ्यापेक्षा हातभर उंच होतं, आणि मामा सांगायचा की ते बुटकं राहिलं तर वारा धूर खाली दाबतो. आमची नळी कौलांच्या बाहेर वीतभरच डोकावत होती. मी सासूबाईंच्या कानाशी लागले. त्या कुदळीवर रेलून म्हणाल्या, "मला न्हाई समजत तुजं धुराडं. तूच सांग की."

"मी कशी सांगू?"

"तोंडानं."

मी दाराआड उभी राहिले, पदर पुढे ओढला आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "मामंजी, नळी आढ्याच्या वर न्यायला हवी. आणि तिच्यावर पत्र्याची टोपी."

माझाच आवाज मला परका वाटला. मामंजींनी मान वर केली. मला वाटलं, आता ओरडतात की काय. ते म्हणाले, "आनि नळी वाशाजवळनं जाती, तिथं? लाकूड तापंल."

"तिथं कौलं काढून पत्रा लावायचा. सभोवती चिखल लिंपायचा."

"दोन वर्सं झाली घरात येऊन," मामंजी सासूबाईंना म्हणाले, "आनि हिला तू बोलू दिलं न्हाईस व्हय?"

"मी?" सासूबाई म्हणाल्या आणि कुदळ भिंतीला टेकवून ठेवली.

लोहार शिडी घेऊन आला. मी खालून सांगत होते, मामंजी ते मोठ्यानं त्याला सांगत होते. संध्याकाळी वारा चांगला घोंघावत असताना बुखारी पेटवली. धूर सरळ वर गेला. घटकाभरात खोली इतकी उबदार झाली की मी खांद्यावरचं घोंगडं काढून ठेवलं.

सासूबाईंची एक तक्रार राहिलीच. "जाळ दिसत न्हाई त्या आगीम्होरं बसून मानसानं बोलायचं काय?" म्हणून त्या बुखारीचं दार बोटभर उघडं ठेवायच्या, मामंजी ते लावायचे, त्या पुन्हा उघडायच्या. पण बाळाच्या अंघोळीचं पाणी तिच्यावर हव्या त्या वेळी गरम मिळायला लागलं, ओले लंगोट दुपारपर्यंत खडखडीत वाळायला लागले, आणि सासूबाईंच्या डोळ्यांचं पाणी पौष सरता सरता बरंच कमी झालं. शेंगा भाजायला शेजारणी येऊन बसायच्या, तेव्हा सासूबाई सांगायच्या, "आमीच ठरवलं बुखारी करायची."

मुलगी झाली होती. लाल, गुटगुटीत, आणि रडायला लागली की आवाज थेट मामंजींवर गेलेला. फाल्गुनात आमचे हे रजेवर आले. खोलीत शिरले, कोपऱ्यातली बुखारी पाहिली आणि दारातच थांबले.

"ही इथंसुद्धा?" ते म्हणाले. "तिकडं हिच्यात लाकडं सारून सारून माझं हात सोललं!"

"मग तुला सवय हाय," मामंजी म्हणाले आणि लाकडांची मोळी त्यांच्या पुढ्यात सरकवली.