आप्पांचा रुमाल

आमच्या सरांचे किस्से सांगायला बसलं की एकाचं बोट धरून दुसरा येतो. राजारामपुरीत आम्ही जुने विद्यार्थी जमतो तेव्हा चहा गार होतो, पण किस्से संपत नाहीत. मला मात्र हल्ली ते ऐकत बसवत नाही. प्रत्येक किश्श्याच्या मागे मला गारगोटीचे आप्पा दिसतात.

सर कॉलेजात इतिहास शिकवायचे तेव्हा आप्पांनी त्यांना घरातले जुने मोडी कागद दिले, लाल रुमालात गाठ मारून. त्यावरून गावाचा इतिहास लिहायचं ठरलं. आप्पांची अट एकच होती, "माज्या डोळ्यादेखत छापा." सर म्हणाले, वर्षभरात.

वर्षभरात सर निवडणुकीला उभे राहिले!

* * *

शिवाजी पेठेतली सभा. कार्यकर्त्यांनी विरोधकाच्या भानगडी लिहून दिलेल्या. सरांनी चिठ्ठी वाचून दाखवली, चष्मा काढला आणि माइकवर म्हणाले, "असं लोक म्हणतात. मी कागद पाहिलेला नाही."

दुसऱ्या दिवशी विरोधकाने तीच क्लिप रिक्षातून गल्लोगल्ली वाजवली. आम्ही डोक्याला हात लावला. तालमीतले वस्ताद तेवढे म्हणाले, "ह्येला खोटं बोलाय येत न्हाय. द्या की निवडून." आणि सर निवडून आले.

* * *

मग ऑफिसात ही गर्दी. मी पीए झालो. दर सोमवारी आप्पा एसटीने यायचे आणि बदली, रस्ता, पाणी मागणाऱ्यांच्या रांगेत बसायचे. नव्या क्लार्कने विचारलं, "पावणं, काय काम हाय?"

"पुस्तक."

त्याने रजिस्टरमध्ये लिहिलं, 'पुस्तक, प्रलंबित.' सरांची मुदत संपेपर्यंत ती नोंद पानापानावर तशीच पुढे जात राहिली. मला ते रजिस्टर उघडायची लाज वाटायची.

* * *

पुढे सर राजदूत झाले. सामानातून रुमालही परदेशी गेला. तिथे एका मेजवानीत यजमान मंत्र्याने पूर्वजाची तलवार दाखवली आणि लढाईचं रसभरीत वर्णन केलं. सरांनी तलवार उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, मूठ बरीच नंतरची आहे.

पंधरा दिवस दूतावास खुलाशाची पत्रं लिहीत होता. सरांचा मला फोन, "पण मूठ नंतरचीच होती रे!" मी विचारलं, पुस्तकाचं काय? सर तिकडच्या थंडीबद्दल बोलायला लागले.

* * *

गेल्या महिन्यात सर परत आले. आम्ही गारगोटीला गेलो. वाटेत नव्या पदासाठी दिल्लीहून दोनदा फोन आला, सर गाडीतही स्वस्थ बसेनात.

आप्पा खाटेवर पडून होते. नजर गेलेली. सरांनी रुमाल त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "आप्पा, या वर्षी पुस्तक नक्की."

आप्पांनी रुमाल चाचपला. बोटं गाठीवर थांबली.

"कागद बघितल्याबिगर तुमी बोलत न्हाय न्हवं, सर?"

"नाही बोलत, आप्पा."

"मग ही गाठ अजून माजीच कशी हाय?"

माझ्या खिशातल्या सरांच्या मोबाइलवर दिल्लीचा फोन वाजायला लागला. मी तो सरांपुढे धरला. सर खाटेशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले होते, आणि ती गाठ दातांनी सोडवत होते.