बरं, येतो

आमच्या गावात अनंताला कोणी वाईट म्हणत नाही. त्याची बायको म्हणते, पण तिला विचारतो कोण?

खर्डी स्टेशनवरून रिक्षा पकडली की ओढा ओलांडल्यावर माझी पिठाची गिरणी लागते आणि गिरणीच्या भिंतीला लागून अनंताचं घर, मागच्या अंगाला त्याची भाताची खाचरं. त्यामुळे या थोर पुरुषाचं चरित्र लिहायचा हक्क माझ्याइतका कुणालाच नाही. शिवाय त्याच्याबद्दल काहीही लिहिलं तरी तो भांडायला येणार नाही. बाकीचे येतात.

अनंता परोपकारी आहे. परोपकारी म्हणजे ज्याच्या घरचं काम तेवढं मागे राहतं तो. कुणाच्या हळदीत मंडपाचा बांबू धरायचाय, अनंता. कुणाच्या म्हाताऱ्यासोबत शहापूरच्या दवाखान्यात बसायचंय, अनंता. आटगावच्या एका गोडाऊनमध्ये तो हजेरीवर जातो, आणि तिथेही जो सुट्टीवर असेल त्याचं काम हाच करतो. एकदा एका दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. घरचे सगळे शब्द देऊन दमले, वर बसलेला कावळा ढिम्म. शेवटी अनंता पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "काकी, पोरांचं मी बघतो." कावळा लगेच शिवला. बिचाऱ्याला काय माहीत!

नाक्यावरच्या बॅनरवर शुभेच्छुकांच्या खालच्या रांगेत त्याचा फोटो बारमाही असतो. ही रविंद्रभाऊंची कृपा. रविंद्रभाऊ म्हणजे आमचे उपसरपंच. त्यांना माणसं जोडायची फार हौस, आणि जोडलेल्या माणसांना लगेच कामाला लावायची त्याहून जास्त. माझ्या गिरणीचा पट्टा सुटला की मीही अनंतालाच हाक मारतो. फुकट मिळणारा माणूस सोडायला मी काही संत नाही.

आता गंमत अशी, की अनंताने जन्मात कुणाला "हो" म्हटलेलं नाही. आपल्यात कुणाच्या घरून उठताना "जातो" म्हणत नाहीत, अशुभ मानतात. "येतो" म्हणायचं. अनंताला हा शब्द फार सोयीचा पडला. समोरच्याने काम सांगितलं की हा मान खाली घालतो, चहाची बशी ठेवतो, टोपी सारखी करतो आणि उंबऱ्याशी जाऊन म्हणतो, "बरं, येतो." त्याच्या मते तो निरोप घेतो. समोरच्याच्या मते त्याने शब्द दिला. दोघंही सुखी.

जिवलीला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे सुख कधी कळलं नाही. त्यांचा संवाद भिंतीपलीकडून मला पाठ झाला आहे.

"तुमी हो बोललात त्याला?"

"मी कवा हो बोललो?"

"मग नाय बोललात?"

"नाय पण नाय बोललो गो."

"मग बोललात काय?"

"निघालो तिथून."

जिवलीचं सगळंच उलटं. ती तोंडावर नाही म्हणते. हळदीकुंकवाला ये म्हटलं तर म्हणते, "मना टाइम नाय." बचत गटात सह्या गोळा करायच्या होत्या, तेव्हा म्हणाली, "शुक्रवारी नाय, सोमवारी दोन घरं करीन." आणि सोमवारी दोनच घरं केली, तिसऱ्याचं दार उघडं होतं तरी गेली नाही. बायका म्हणतात, जिवली फटकळ आहे. खरंच आहे. असल्या बाईबरोबर संसार करायचा म्हणजे देवमाणूसच पाहिजे, असं गाव म्हणतं, आणि तो देवमाणूस त्या वेळी कुणाच्या तरी घरावर पत्रे ठोकत असतो.

यंदा आषाढात पाऊस नेमका धरून लागला आणि सगळ्यांच्या आवण्या एकदम आल्या. ज्यांना शेतीचा गंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताचं रोप आधी एका जागी वाढवतात, मग उपटून चिखलात लावतात, ती आवणी. रोप उपटायचे दिवस ठरलेले. ते टळले तर रोप जून होतं, मग लावलं तरी फुटवा धरत नाही. आवणीला मजूर मिळत नाही, म्हणून सावड चालते: आज आम्ही तुमच्याकडे, उद्या तुम्ही आमच्याकडे. अनंताच्या घरचं वर्षाचं खाणं त्या गिरणीमागच्या खाचरांत होतं. जिवलीने पालापाचोळा पेटवून रोपाच्या जागेचा राब भाजला, पेरलं, पाखरं हाकली. रोप असं हिरवंगार तरारलं की माझ्याकडे दळण घेऊन येणारा प्रत्येक जण थांबून बघायचा.

"गुरुवारी आपली आवणी," जिवलीने जाहीर केलं. "रोप आता थांबायचं नाय. कुठं जाऊन बसू नका."

अनंता बसला नाही. तो बुधवारी नुसता देवरामकडे विळा परत द्यायला गेला. देवराम पलीकडच्या आळीतला, जमीन भरपूर, माणसं कमी, चहात साखर जास्त. त्याने चहा पाजला आणि सहज म्हणाला, "गुरुवारी चिखल तयार हाय माजा. तू असलास म्हंजे झालं रे." अनंताने बशी ठेवली. टोपी सारखी केली. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

परत येताना रस्त्यात रविंद्रभाऊंची जीप आडवी आली. गुरुवारी दुपारी मुरबाडला भाच्याचा साखरपुडा होता. "चार वजनदार माणसं पायजेत आपल्याकडून. तू पागोट्यात शोभतोस," भाऊ म्हणाले. शेत सोडून पागोट्यात शोभायचं, एवढा मान कुणाच्या वाट्याला येतो? अनंताने घड्याळाकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, आणि निरोप घेतला.

गुरुवारी सकाळी तो देवरामच्या चिखलात होता आणि दुपारी मुरबाडच्या मंडपात. पागोट्याखाली कानामागे चिखल तसाच होता म्हणे. जिवली एकटी रोप उपटत होती. थोड्या जुड्या बांधल्या, पण लावायला हात कुठून आणणार? बाकीचं रोप तसंच उभं राहिलं. संध्याकाळी त्याने मुरबाडहून पेढे आणले. जिवलीने ते पेढे शेजारच्या कुत्र्याला घातले आणि कुत्र्याने शेपटी हलवून रविंद्रभाऊंचं अभिनंदन केलं.

शुक्रवारी गोडाऊनमध्ये कुणाच्या तरी जागी जायचं होतं. शनिवारी देवरामचं उरलेलं खाचर. रविवारी आणखी कुठे, ते मी विचारलं नाही. रोपाचा हिरवा रंग उतरून पिवळट व्हायला लागला. एका संध्याकाळी जिवली बांधावर उभी राहून म्हणाली, "गावभर सावड घालून आलात ना? आता बोलवा त्यांना. आजवर जेवढ्यांकडं राबलात, त्यातले निम्मे आले तरी दुपारपर्यंत होईल."

बोलणं बरोबर होतं. अनंता मोठ्या उमेदीने निघाला. देवरामकडे गेला, आणखी चार घरं फिरला. सगळ्यांनी चहा पाजला. सगळ्यांनी विचारपूस केली. निघताना प्रत्येक जण दारापर्यंत येऊन म्हणाला, "तू हो पुढं, येतोच."

सकाळी उजाडल्यापासून तो बांधावर उभा होता. टिलरवाल्याने चिखल करून दिला होता, खाचरात पाणी जमलं होतं. अनंता रस्त्याकडे बघत होता. मी गिरणीतून त्याला बघत होतो. देवराम रस्त्यावरून गेला, मोटरसायकलवर. त्याने हात केला. अनंतानेही हात केला. हात करून माणूस पुढे गेल्यावर अनंताचा हात बराच वेळ तसाच वर राहिला. मला खरं तर हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. दळणाला आलेली बाई ओरडली तेव्हा कळलं, की मी तिची नाचणी गव्हाच्या पाठोपाठ तशीच टाकली होती.

मग जिवली डोक्यावरचं प्लास्टिक सारखं करून मालूकडे गेली. मालू म्हणजे आमच्याकडच्या आवणीकरणींची पुढारी, वयाने मोठी, आवाजाने त्याहून मोठी. जिवलीने तिच्याकडे मागच्या आठवड्यात एक दिवस यायला साफ नकार दिला होता. "मंगळवारी नाय यायची, माजी कंबर धरलीय. बुधवारी येईन," असं सांगितलं होतं, आणि बुधवारी दिवसभर वाकून लावणी केली होती. जिवली गेली आणि तासाभरात मालूला घेऊन आली. सोबत आणखी बायका. येताच वाकल्या.

अनंता मालूजवळ जाऊन म्हणाला, "बरं झालं आलीस. मी काल तुज्या घरी पण येणार होतो बोलवायला."

"तू बोलावला असतास तर मी आले नसते," मालू वाकूनच म्हणाली, हात चालू होते. "जिवली बोलली, म्हणून आले. ती बोलली म्हंजे बोलली."

"आणि मी बोललो तर?"

"तू कवा बोललास रे?"

बायका हसल्या. जिवली हसली नाही. अनंता जुड्या वाहायला लागला. एकाच खाचरातून दुसऱ्या खाचरात कितीतरी वेळा गेला, कुणी न सांगता. मी जवळपास आयुष्यभर त्याला ओळखतो, पण कुणी न सांगता त्याला काम करताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तरीही निम्मंच शेत लागलं. उरलेलं रोप जून होऊन गेलं होतं. मालूने एक जुडी हातात घेतली, उलटी करून बघितली आणि बांधावर टाकली. "हे गुरांना घाल गो." वर्षाचं अर्धं खाणं त्या बांधावर पडलं होतं आणि ते दुकानातून आणावं लागणार, हे सगळ्यांना समजलं होतं.

जिवली पाणी प्यायला बसली. चिखलात उभं राहून तिच्या पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या, कातडी पांढरी पडून फाटली होती. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, समजूत घालायला अनंताला छान जमतं. ती फक्त त्या टाकलेल्या रोपाकडे बघत राहिली. अनंता तिच्या पायांकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत त्याने गावातल्या सगळ्यांचे पाय धरले असतील, हे दोन त्याने नीट बघितलेच नव्हते, असं मला वाटलं. वाईट वाटलं मला, सांगून टाकतो.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याच्या फोनचा स्पीकर बिघडून कायमचा मोठा झालेला आहे, त्यामुळे त्याचं बोलणं ऐकायला कान लावावा लागत नाही. रविंद्रभाऊ होते.

"अनंता, उद्या सकाळी शहापूरला चल. वाढदिवसाचे बॅनर लावायचेत. शिडी धरायला माणूस पायजे."

अनंताने डोक्यावर हात नेला. तिथे टोपी नव्हती. उठून निरोप घ्यायला उंबरा नव्हता, आजूबाजूला सगळा चिखल. त्याने एकदा जिवलीकडे बघितलं. तिने बघितलं नाही. बायकांचे हात थांबले होते.

"नाय," तो म्हणाला. मग फोन तोंडाजवळ धरून पुन्हा सांगितलं, "नाय जमायचं. माज्या घरचं काम हाय."

पलीकडून भाऊंचा आवाज आला, जरा आदबीने, परक्या माणसाशी बोलतात तसा.

"कोण बोलतंय? जरा अनंताला द्या ना."