रीगाला निघालेला न्हावी

अमेरिकेतल्या हर्नडन गावातला माझा न्हावी लॅटव्हियातल्या रीगाचा, पण घरची भाषा रशियन. देश रशियन सत्तेतून स्वतंत्र झाला, तिथे सगळीकडे लॅटव्हियन भाषा सक्तीची झाली आणि तो इकडे आला. पुण्यात शिकलेलं रशियन मी त्याच्या खुर्चीत बसून नाटकी थाटात झाडायचो. तो कात्री थांबवून उच्चार सुधारायचा.

पंधरा वर्षांनी आईला भेटायला निघाला, तेव्हा म्हणाला, "तिथे दुकानात मी इंग्लिशच बोलणार."

"का हो? मी गेलो तर बिनधास्त रशियन फेकेन!"

"तुम्ही फेका. तुम्हाला कौतुकाने चहा पाजतील. मला विचारतील, चाळीस वर्षं इथे राहिलात, आमची लॅटव्हियन का नाही शिकलात?"

"मग काय सांगणार?"

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"म्हणून तर इंग्लिश," म्हणाला आणि माझी मान हलकेच खाली वाकवली.